बडोद्यात राहून न्यूरोसायन्स: पदवी एका नावाची, अभ्यास पाच विभागांचा

बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या घरात हा प्रश्न निघतोच. मुलीला मेंदूचा अभ्यास करायचा आहे, डॉक्टर व्हायचं नाही, मग तिला बंगळुरूला पाठवायची की काय? उत्तर आधीच सांगून टाकतो. पदवीसाठी गाव सोडायची गरज नाही, पण कॉलेज जे ताटात वाढेल तेवढंच खाऊन भागणार नाही.

भारतातल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत पदवीच्या पातळीवर न्यूरोसायन्स नावाचा विभागच नसतो. विषय मात्र असतो, तुकड्यातुकड्यांनी. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचंच बघा. सायन्स फॅकल्टीत झूऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स. सायकॉलॉजी एज्युकेशनच्या फॅकल्टीत. औषधं फार्मसीकडे. शरीररचना आणि शरीरक्रिया मेडिकल कॉलेजात. सिग्नल प्रोसेसिंग कलाभवनातल्या इंजिनियरिंगकडे. चेतापेशी या सगळ्यांची आहे आणि कुणा एकाची नाही. ही गोधडी तुम्हालाच शिवायची आहे. १८८१च्या बडोदा कॉलेजापासून वाढत १९४९ साली विद्यापीठ झालेल्या या संस्थेत चिंध्यांना तोटा नाही. वेळापत्रक आणि कागद सांभाळले की झालं.

मेजर कुठला घ्यायचा

मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय. आधी स्वतःला विचारा: मेंदूतलं नेमकं काय बघायचं आहे? रेणू, प्रथिनं, पेशी, आजार यांत रस असेल तर बायोकेमिस्ट्री. मज्जासंस्थेची उत्क्रांती, हॉर्मोन्स, प्राण्यांचं वर्तन असेल तर झूऑलॉजी. लक्ष, स्मृती, भाषा, निर्णय असेल तर सायकॉलॉजी. आणि मेंदूची विद्युतक्रिया, मॉडेल, इमेजिंग यांकडे ओढा असेल तर फिजिक्स किंवा मॅथ्स.

शेवटचा पर्याय आपल्याकडे कुणी सुचवत नाही, म्हणून त्यावर जरा जोर देतो. बारावीला ए ग्रुप (गणिताचा) घेतलेल्या मुलाला घरचे 'मेंदू म्हणजे बायोलॉजी, तुझं काम नाही' असं सांगून मोकळे होतात. वस्तुस्थिती बरीचशी उलटी आहे. आज एकेका प्रयोगात शेकडो चेतापेशींच्या एकाच वेळी नोंदी होतात, आणि त्या आकड्यांचं काय करायचं हे ठाऊक असलेली माणसं कमी पडतात. फिजिक्सच्या मुलाला जीवशास्त्र दोन वर्षांत वाचून बऱ्यापैकी जमतं. बी ग्रुपच्या (जीवशास्त्राच्या) मुलीला रेषीय बीजगणित दोन वर्षांत जमतच नाही असं नाही, पण घाम जास्त गाळावा लागतो. तेव्हा बी ग्रुपवाल्यांनी पहिल्या सेमिस्टरपासून गणिताला आठवड्याचे चार तास बांधून द्यावेत. तिसऱ्या वर्षी सुरू केलेलं गणित प्रवेशपरीक्षेच्या तयारीशी भांडत बसतं.

प्रवेश आणि कागद

गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचे पदवी प्रवेश २०२४पासून जीकॅस या सामायिक पोर्टलवरून होऊ लागले. फॉर्म फार अवघड नाही, घोळ होतो तो नावात. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. त्यात मराठी आडनावांच्या इंग्रजी स्पेलिंगचे दोन-दोन अवतार: एकीकडे शेवटी 'ई', दुसरीकडे 'ए'. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, आधार, जातीचा दाखला असेल तर तो, आणि अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (मिळवलेल्या क्रेडिटांच्या सरकारी ऑनलाइन खात्याचा) आयडी हे सगळं एका टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुरुस्ती निकालाआधी करून घ्यावी. निकाल लागल्यावर त्याच खिडकीपुढे अख्खं गाव उभं असतं.

पसंतीक्रम भरताना मेजरसोबत मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून काय मिळतं हेही बघा. कॉलेज निवडलं, पण हवा तो मायनर त्या जोडीत बसतच नाही, हे बऱ्याच मुलांना पहिल्या आठवड्यात कळतं.

क्रेडिटचा तक्ता, पहिल्याच आठवड्यात

एक मोठा कागद घ्या. आडवे आठ सेमिस्टर, उभे रकाने मेजर, मायनर, आंतरशाखीय, कौशल्य, भाषा आणि मूल्यवर्धन. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात आणि चार वर्षांच्या पदवीला १६०. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३०. आपल्या विभागाचे आकडे याहून जास्त असू शकतात, म्हणून अभ्यासक्रमाची अधिकृत पीडीएफ उतरवून तिच्यावरूनच रकाने भरा. सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. त्याच्या बॅचला वेगळी पद्धत असू शकते.

आता त्या कागदावर न्यूरोसायन्सचे तुकडे पेन्सिलीने बसवा. पेशीजीवशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, फिजिऑलॉजिकल सायकॉलॉजी किंवा त्याच्या जवळचा पेपर, संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग. विभागात न मिळणारे पेपर केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, म्हणजे स्वयम्‌वर शोधा. विद्यापीठाची मान्यता असेल तर एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून आणता येतात. तिथल्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाच्या) कोर्सला साधारण २५ टक्के गुण साप्ताहिक असाइनमेंटचे आणि ७५ टक्के केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचे. इथे हमखास होणारी चूक अशी की मुलं कोर्स आधी पूर्ण करतात आणि क्रेडिट हस्तांतराचा अर्ज मागाहून घेऊन येतात. क्रम उलटा आहे. नोंदणीच्या आधी विभागप्रमुखांकडून लेखी संमती घ्या, कोर्सचा कोड त्या पत्रात लिहून.

वेळापत्रकाची टक्कर मात्र टळत नाही. सायन्सचं प्रॅक्टिकल दुपारचे तीन तास खातं, आणि दुसऱ्या फॅकल्टीचं लेक्चर नेमकं तेव्हाच असतं. सयाजीगंजहून कलाभवनापर्यंत दहा मिनिटांच्या सुटीत पोचून जागा पकडणं ट्रॅफिकमुळे दुचाकीवरही जमत नाही. म्हणून दुसऱ्या फॅकल्टीत एका सेमिस्टरला एकच पेपर घ्या, तोही सकाळचा. बाकीचं ऑडिट करा. म्हणजे प्राध्यापकांना विचारून मागच्या बाकावर बसा, परीक्षा देऊ नका. मोठ्या सरकारी विद्यापीठाचा हा खरा फायदा आहे. विचारलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही, फक्त विचारणारे कमी.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर यूजीसीच्या नियमात पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात, आणि प्रबंध १२ क्रेडिटचा असतो. पहिल्या वर्षी ६२ टक्के घेऊन पुढे ७५ सरासरी गाठायची म्हणजे उरलेल्या चार सेमिस्टरांत जवळपास ८२ पाडायला हवेत. हिशोब आत्ताच करून ठेवा.

अभ्यासाचा क्रम: आधी वीज, मग भूगोल

बहुतेकांना सुरुवातीला मेंदूच्या भागांची नावं पाठ करायची हौस असते. हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मृती, अमिग्डाला म्हणजे भीती. हे पाठांतर सहा महिन्यांत उडून जातं आणि अर्धं चुकीचंही असतं, कारण कुठलाही भाग एकच काम करत नाही. क्रम असा ठेवा: पेशीपटलावरचा विद्युतभार, ॲक्शन पोटेन्शियल (चेतापेशीतून धावणारी विजेची लहर), सायनॅप्स (दोन चेतापेशींमधला सांधा), मग रचना, मग दृष्टी-श्रवण-हालचाल यांच्या यंत्रणा, आणि सगळ्यात शेवटी स्मृती, भावना, भाषा.

पहिली पायरी म्हणजे नर्न्स्टचं समीकरण. ते वाचून सोडू नका, हाताने सोडवा. शरीराच्या ३७ अंश तापमानाला ते असं दिसतं: समतोल विभव (ज्या व्होल्टेजला त्या आयनाची आतबाहेर ये-जा जुळते ते) म्हणजे ६१.५ भागिले आयनाचा भार, गुणिले लॉग (बाहेरचं प्रमाण भागिले आतलं प्रमाण). उत्तर मिलिव्होल्टमध्ये.

पोटॅशियम घ्या. पेशीबाहेर ५ मिलिमोलर, आत १४०. ५ भागिले १४० म्हणजे ०.०३५७, त्याचा लॉग उणे १.४४७, उत्तर उणे ८९. सोडियम बाहेर १४५, आत १२: भागाकार १२.०८, लॉग १.०८२, उत्तर अधिक ६७ च्या आसपास. क्लोराइड बाहेर ११०, आत १०: लॉग १.०४, पण भार उणे एक, म्हणून उत्तर उणे ६४. कॅल्शियम बाहेर १.५, आत ०.०००१. भार दोन, म्हणजे ६१.५ चे निम्मे, आणि उत्तर अधिक १२८.

इथे चार ठिकाणी घसरगुंडी होते. एक, कॅल्क्युलेटरवर लॉगऐवजी नॅचरल लॉगचं बटण दाबलं जातं. मग पोटॅशियमचं उत्तर उणे २०५ येतं आणि मूल ते निमूटपणे वहीत उतरवतं. नॅचरल लॉग वापरायचाच असेल तर ६१.५ च्या जागी २६.७ घ्या, पुन्हा उणे ८९च येईल. दोन, आत आणि बाहेरची उलटापालट, म्हणजे चिन्ह उलटं. तीन, क्लोराइडचा उणे भार विसरणं. चार, पुस्तकात ५८ हा स्थिरांक दिसतो आणि मुलं गोंधळतात. तो सामान्य खोलीच्या तापमानाचा आहे. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली जे प्रसिद्ध काम छापलं ते स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर होतं, आणि तो काही ३७ अंशांवर राहत नाही.

आता पुढचा प्रश्न. पेशी विश्रांतीत असताना मोजमाप उणे ७० च्या जवळ येतं. ते उणे ८९ का नाही? कारण पटलातून थोडा सोडियमही झिरपतो. पोटॅशियमची पारगम्यता १ धरली आणि सोडियमची ०.०४, तर त्याच समीकरणातल्या भागाकारात वर ५ अधिक ०.०४ गुणिले १४५, म्हणजे १०.८. खाली १४० अधिक ०.०४ गुणिले १२, म्हणजे १४०.५. भागाकार ०.०७७, लॉग उणे १.११४, उत्तर उणे ६८.५. हा आकडा स्वतःच्या हाताने आला की पुढची अर्धी इलेक्ट्रोफिजिऑलॉजी (पेशींच्या विजेचा अभ्यास) सोपी होते. मग ०.०४ च्या जागी २० टाकून बघा. विभव एकदम सोडियमच्या दिशेने उडी घेतं. ॲक्शन पोटेन्शियलचा चढ म्हणजे हेच.

या टप्प्यावर एक गैरसमज घट्ट बसतो: एक स्पाइक (एक ॲक्शन पोटेन्शियल) झाला की आतबाहेरची प्रमाणं उलटीपालटी होतात आणि पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप ती पुन्हा जागेवर आणतो. तसं नाही. एका स्पाइकला हलणारे आयन एकूण साठ्याच्या मानाने नगण्य असतात. विभव परत खाली येतं ते सोडियमची दारं मिटल्यामुळे आणि पोटॅशियमची उघडल्यामुळे. पंपाचं काम लांब पल्ल्याचं आहे. तोंडी परीक्षेत परीक्षक हा प्रश्न आवडीने विचारतात.

बकऱ्याच्या मेंदूचं प्रॅक्टिकल

चित्रातल्या मेंदूला वजन नसतं, खोली नसते. एकदा तरी खरा मेंदू हातात घ्यायलाच हवा. पदवीच्या प्रॅक्टिकलमधून प्राण्यांची चिरफाड यूजीसीने बंद केली आहे आणि ते योग्यच झालं. खाण्यासाठी कापलेल्या बकऱ्याचा भेजा मात्र बाजारात मिळतो. विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या आणि काम विभागाच्या प्रयोगशाळेतच करा. मेंदू टिकवायला लागणारं फॉर्मॅलिन घरच्या ओट्यावर आणायचं नाही. त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वासनलिकेला जाळते, आणि ते कर्करोगकारक आहे. फ्यूम हूड (वाफ ओढून घेणारं कपाट), नायट्राइल हातमोजे, चष्मा. यात तडजोड नाही.

मटणाच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर डोकं सवयीप्रमाणे मधोमध फोडलं जातं आणि दोन चुरगळलेले अर्धे हातात येतात. 'आख्खा, न फोडलेला, वरच्या पापुद्र्यासकट' असं स्पष्ट सांगा. ताजा मेंदू घट्ट विरजलेल्या दह्यासारखा असतो, बोट लावलं की ठसा उमटतो. वजन साधारण १०० ते १३० ग्रॅम. माणसाचा १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो.

द्रावण असं: बाजारात मिळणारं फॉर्मॅलिन १०० मिलिलिटर आणि पाणी ९०० मिलिलिटर. याला १० टक्के फॉर्मॅलिन म्हणतात, पण बाटलीतलं मूळ फॉर्मॅलिन हेच ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचं असतं, म्हणून तयार द्रावणात फॉर्मल्डिहाइड साधारण ४ टक्के. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये या दोन आकड्यांची सरमिसळ हमखास होते. एका मेंदूला किमान सव्वा लिटर, जमल्यास दोन लिटर द्रावण घ्या. बरणीच्या तळाला कापसाचा जाड थर द्या किंवा तळाकडच्या रक्तवाहिनीत दोरा ओवून मेंदू तरंगता टांगा. तसाच ठेवला तर तो तळाशी टेकून चपटा होतो आणि पुढे आडव्या कापात सगळी मोजमापं चुकतात. २४ तासांनी द्रावण बदला, रक्ताने ते लालसर झालेलं असतं. मग दोन आठवडे हात लावू नका. पाचव्या दिवशी उत्साहाने कापलात तर बाहेरून घट्ट आणि मध्ये गुलाबी, मऊ गाभा निघेल. कापायच्या आधी एक दिवस वाहत्या पाण्यात ठेवा.

आधी न कापता उलटा करून तळ बघा. पुढे घ्राणकंदाचे दोन ठसठशीत गोळे, माणसाच्या मानाने फार मोठे. बकरीचं जग वासाचं आहे हे एका नजरेत कळतं. त्यामागे दृष्टिचेतांची फुली. तिच्या मागे एक बारीक देठ असतो. तिथली पीयूषिका ग्रंथी बहुतेक वेळा कवटीतच राहून गेलेली असते. ती दिसत नाही म्हणून शोधत बसू नका. पाचवी कर्परचेता सगळ्यांत जाड, ती पॉन्सच्या (मेंदूदांड्याच्या फुगीर भागाच्या) बाजूने निघते.

मग लांब, पातळ पात्याची सुरी घेऊन दोन गोलार्धांमधल्या भेगेतून एकाच ओढीत काप द्या. करवतीसारखं पुढेमागे केलं की पृष्ठभागावर रेघा उठतात आणि बारीक रचना पुसल्या जातात. कापलेल्या बाजूला वर पांढरी कमान दिसते, ती कॉर्पस कॅलोसम, दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा. तिच्याखाली फोर्निक्स. मध्ये एक गोल चकती दिसते आणि तिला सगळे थॅलॅमस म्हणून नाव देतात. ती दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसना जोडणारी पट्टी आहे, बकरीत ती जाड असते. तुमच्या सुरीने ती कापली म्हणून गोल दिसते आहे. खरा थॅलॅमस तिच्याभोवती आणि तिच्यामागे आत पसरलेला आहे. मागे पिनियल ग्रंथीचा दाणा, त्यामागे चार उंचवटे, पुढचे दोन मोठे. शेवटी अनुमस्तिष्कातलं पांढरं झाड. ते बघितल्यावर फोटोची गरज राहत नाही.

दिशांची नावं इथेच पक्की करून घ्या. बकरीचा मेंदू आणि पाठीचा कणा जवळजवळ एका रेषेत असतात, म्हणून 'वरचा' आणि 'पाठीकडचा' एकच. माणूस उभा राहिला, त्याचा पुढचा मेंदू मेंदूदांड्याच्या मानाने काटकोनाच्या आसपास वळला. त्यामुळे डॉर्सल हा शब्द माणसाच्या मोठ्या मेंदूत माथ्याकडे बोट दाखवतो आणि मेंदूदांड्यात पाठीकडे. ॲटलास उघडून दोन्ही चित्रं शेजारी ठेवा.

वापरलेलं फॉर्मॅलिन बेसिनमध्ये ओतायचं नाही. लेबल लावलेल्या कॅनमध्ये जमा करून विभागाच्या रासायनिक कचऱ्यात द्यायचं.

पट्टीचा प्रयोग

उपकरण नाही ही तक्रार करण्याआधी ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राने ती उभी धरायची, शून्याची खूण तुमच्या बोटांच्या मध्ये. त्याने न सांगता सोडली की तुम्ही पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर पडली तर वेळ म्हणजे (२ गुणिले ०.२० भागिले ९.८) याचं वर्गमूळ, ०.२०२ सेकंद. १५ सेंटिमीटरला ०.१७५. पहिले पाच प्रयत्न सरावाचे म्हणून सोडा, पुढचे वीस नोंदवा, आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या, कारण एकदा लक्ष उडालं की तो एकच आकडा सरासरी ओढून नेतो. पट्टी सोडणाऱ्याच्या बोटांची हालचाल आधीच दिसते आणि वेळ खोटा कमी येतो. त्याच्या हातापुढे वही आडवी धरली की हे थांबतं. हाच प्रयोग वर्गाबाहेरच्या लोकांवर करून प्रकल्प म्हणून लिहायचा असेल तर लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते, पट्टी कितीही निरुपद्रवी असली तरी.

संख्याशास्त्र, आणि तो एक घात

पायथन शिका. रोज चाळीस मिनिटं, सहा महिने. ॲरे, लूप, फाइल वाचणं, आलेख काढणं एवढं आलं की थांबा आणि खरा डेटा उघडा. ॲलन इन्स्टिट्यूटचे मेंदूचे नकाशे आणि नोंदी मोफत खुल्या आहेत.

संख्याशास्त्रात टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) सगळ्यांना येते, पण 'एन', म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, किती हे येत नाही. तीन उंदरांतून प्रत्येकी २० पेशी मोजल्या तर एन ६० नाही. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींच्या बहिणी आहेत, त्या स्वतंत्र साक्षीदार नाहीत. उपचार उंदराला दिला असेल तर एन तीन. साठ धरून काढलेली सुंदर पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) खोटी असते. छापून आलेल्या निबंधांतही ही चूक सापडते, आणि जर्नल क्लबमध्ये (निबंध एकत्र वाचून चर्चा करायच्या बैठकीत) ती पकडणाऱ्या मुलीकडे प्राध्यापक मान वर करून बघतात.

वाचन

हंसा मेहता ग्रंथालयात कार्ड काढा. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंचं नाव त्याला आहे. पहिल्या वर्षी पदवीच्या पातळीचं एकच पाठ्यपुस्तक निवडा आणि ते पूर्ण करा. हजारावर पानांचा संदर्भग्रंथ टेबलावर ठेवून फोटो काढणारे पुष्कळ, तिसऱ्या प्रकरणाच्या पुढे गेलेले थोडे.

शोधनिबंध वाचताना सारांशावर विश्वास ठेवू नका. आधी आकृत्या बघा, प्रत्येक आकृतीखाली पेन्सिलीने एक ओळ लिहा: काय मोजलं, कशाशी तुलना, किती प्राणी. मग पद्धती, मग निष्कर्ष. पहिल्या निबंधाला आठवडा लागेल, दहाव्याला दोन संध्याकाळी.

मराठी शाळेतून आलेल्यांना भाषेचा धक्का बसतो. शाळेत चेतापेशी, प्रमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ. गुजराती माध्यमाच्या मित्राकडे चेताकोष आणि लंबमज्जा. वर्गात सगळं इंग्रजी. वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने करा. एक मजा लक्षात येईल: 'अक्षतंतू' आणि 'अनुमस्तिष्क' दोन्ही भाषांत जवळपास सारखेच आहेत. मित्राला मराठीत किंवा गुजरातीत समजावता आलं तर ते कळलं, नुसतं इंग्रजीत पाठ म्हणता आलं तर अजून नाही.

प्रयोगशाळेत शिरकाव

तिसऱ्या सेमिस्टरच्या आसपास सुरू करा. विभागाच्या पानावरून दोन प्राध्यापक निवडा, त्यांचा गेल्या तीन वर्षांतला एकेक निबंध वाचा, आणि दहा ओळींची मेल लिहा: तुम्ही कोण, कुठला निबंध वाचला, त्यातली कुठली आकृती कळली नाही, आठवड्याचे किती तास देऊ शकता. 'मला न्यूरोसायन्समध्ये लहानपणापासून रस आहे' हे वाक्य काढून टाका, प्रत्येक मेलमध्ये ते असतं. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रत्यक्ष जाऊन भेटा. परीक्षांच्या आठवड्यात जाऊ नका.

पहिले दोन महिने बाटल्या धुणं आणि पिपेट तपासणं. एक मिलिलिटर पाणी एक ग्रॅम भरतं का, दहा वेळा बघायचं. याला कमी समजू नका, पिपेट खोटं असेल तर पुढचं सगळं खोटं. उंदरांवर काम मागू नका. त्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची प्रकल्पनिहाय मान्यता लागते आणि पदवीच्या मुलाचं नाव त्यात आयत्या वेळी घालता येत नाही. फळमाशी किंवा सी. एलेगन्स हा कृमी स्वस्त आणि शिकायला उत्तम. त्या कृमीच्या उभयलिंगी प्रौढात नेमक्या ३०२ चेतापेशी असतात, माणसात सुमारे ८,६०० कोटी. तीनशे दोनचं गणितही अजून पुरतं सुटलेलं नाही.

उन्हाळ्यासाठी भारतातल्या तीन विज्ञान अकादमींची संयुक्त फेलोशिप बघा. दोन महिने बाहेरच्या प्रयोगशाळेत. अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर, म्हणून मे महिन्यात आठवण होऊन उपयोग नाही. बंगळुरूला गेलात तर निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेचं मेंदू संग्रहालय चुकवू नका.

पुढे

नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात चांगली नोकरी मिळणं कठीण आहे, हे घरी आत्ताच सांगून ठेवा. पुढचे रस्ते: एम.एस्सी. प्रवेशासाठी आयआयटीची जॅम ही परीक्षा, साधारण फेब्रुवारीत. बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.साठी गॅट-बी. एनसीबीएस आणि टीआयएफआर या संशोधनसंस्थांसाठी जेजीईबिल्स ही प्रवेशपरीक्षा, बहुधा डिसेंबरात. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, निम्हान्स आणि आयआयएससीचं (बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं) न्यूरोसायन्स केंद्र यांच्या जाहिराती त्यांच्याच संकेतस्थळांवर वाचा.

एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट, म्हणजे संशोधनवृत्ती आणि प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. भाग अ मध्ये २० पैकी १५, ब मध्ये ५० पैकी ३५, क मध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे. क चा प्रश्न चार गुणांचा आहे. न्यूरोसायन्सवाल्यांना सातवं युनिट म्हणजे प्राण्यांची शरीरक्रिया, अकराव्यातला मेंदू-वर्तनाचा भाग, आणि तेराव्यातल्या पॅच-क्लॅम्प (पेशीतला विद्युतप्रवाह मोजणं), एफएमआरआय (मेंदूच्या क्रियेचं चित्रण) वगैरे पद्धती हे हातचे गुण. तेरावं युनिट मुलं शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. क भागात नेमकं तिथूनच आलेखासकट प्रश्न पडतो.

शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना किमान तीन आठवडे आधी सांगा. सोबत एक पान द्या: त्यांच्याकडे कुठला पेपर केला, किती गुण, प्रयोगशाळेत कुठलं काम कुठल्या महिन्यात केलं, पत्र कुठे पाठवायचं, शेवटची तारीख. शेकडो विद्यार्थ्यांच्या विभागात तुमचा चेहरा लक्षात असतो, तपशील नसतो. तारखेच्या चार दिवस आधी एकदा आठवण करा, सकाळी, लेक्चर सुरू व्हायच्या आधी.